बाबांच्या दोन पाकळ्या, आणि घरातल्या बाकीच्यांचा इको

बागाईतदाराचा_पोर | ६ जुलै, रात्री १०:४८

धागा थोडा वैद्यकीय, थोडा घरगुती आहे. कुठे टाकावा कळेना म्हणून 'आरोग्य'मध्ये टाकतोय. संपादकांनी हवा तर हलवावा.

आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षवाले. मी नोकरीमुळे नाशकात, इंदिरानगरला असतो. बाबा ५४ वर्षांचे. दीड वर्षापासून त्यांना धाप लागायची. फवारणीच्या दिवशी जास्त, म्हणून घरादाराने ठरवून टाकलं की औषधं बाधली. जवळच्या एका डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला. प्रत्येक वेळी शर्टावरूनच तपासणी, आणि पंपाचा डोस बदलून परत. मे महिन्यात मोटार बंद करून विहिरीच्या पायऱ्या चढताना बाबा डोळे फिरवून पडले. नशीब, वरच्या पायरीवर पडले.

नाशिकला आणलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी शर्ट काढायला लावला, स्टेथो ठेवला आणि म्हणाल्या, "काका, हा आवाज तुम्हाला आजवर कुणी सांगितलाच नाही?" इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयातून शुद्ध रक्त बाहेर पडतं त्या दारावरच्या झडपेला, म्हणजे अ‍ॅओर्टिक व्हॉल्व्हला, तीन पाकळ्या असतात. बाबांना जन्मापासून दोनच. त्यावर कॅल्शियम साचून त्या दगडासारख्या झालेल्या. झडप उघडल्यावर ३ ते ४ चौरस सेंटिमीटर जागा हवी, बाबांची उरली होती ०.७.

ओपन हार्ट होऊन आज बावीस दिवस झाले. मेकॅनिकल झडप बसवलीय. रात्री पंखा बंद केला की खोलीत टिक टिक ऐकू येते. आई पहिल्या रात्री उठून भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवून आली, तरी आवाज येतोच आहे, मग तिच्या लक्षात आलं.

खरा विषय पुढे आहे. डिस्चार्जच्या दिवशी सर्जन म्हणाले, "सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांचा इको करून घ्या. हे घराण्यात उतरतं." घरी येऊन हे सांगितलं तर आत्या ताडकन म्हणाली, "आपल्या घराण्यात हार्ट नाहीच मुळी." माझे काका २००९ मध्ये ४१ व्या वर्षी बागेत काम करता करता गेले. छातीत कळ आली आणि संपलं. पण तो 'अ‍ॅटॅक', तो धरायचा नाही म्हणे.

त्यात धाकट्या बहिणीचं ठरलंय. ऑगस्टमध्ये साखरपुडा. आईचं म्हणणं, लग्न होईपर्यंत इको-बिकोचं नाव काढू नका. मला पटत नाही, पण ऑपरेशनमधून उठलेल्या घरात आवाज चढवायलाही नको वाटतं. हे खरंच किती उतरतं? रक्ताच्या तपासणीत कळतं का? आणि कळलं तरी करायचं काय?

---

पंचवटीकर | ६ जुलै, रात्री ११:२०

बाबांना आराम पडो. वाचतोय. विषय महत्त्वाचा आहे.

---

स्टेथो_आणि_चहा | ७ जुलै, सकाळी ७:०५

मी एमडी मेडिसिन, नाशकातच प्रॅक्टिस. ऑनलाइन उपचार सांगत नाही, माहिती देतो.

दोन पाकळ्यांची झडप, आमच्या भाषेत बायकस्पिड, हा हृदयाचा सगळ्यात जास्त आढळणारा जन्मजात दोष आहे. शंभरात एक ते दोन माणसांत असतो, पुरुषांत जास्त. म्हणजे भरलेल्या बसमध्ये एखादा निघेलच. बऱ्याच जणांना पन्नाशीपर्यंत पत्ता नसतो. तीन पाकळ्यांवर वाटला जाणारा ताण दोनांवर येतो, त्यामुळे त्या लवकर झिजतात, लवकर चुना (कॅल्शियम) धरतात. तीन पाकळ्यांची झडप सत्तरी-ऐंशीत कडक होते, तर ही पन्नाशी-साठीतच.

तुमच्या सर्जनचं बरोबर आहे. एकाला हा दोष असेल तर आई-वडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांच्यात तो सापडण्याची शक्यता साधारण दहात एक. घाबरून जावं एवढी नाही, सोडून द्यावी एवढीही नाही.

काकांचं मात्र जपून बोला. पोस्टमॉर्टेम झालं नसेल तर तो अ‍ॅटॅकही असू शकतो, झडपही असू शकते. आणि तिसरी शक्यता मला जास्त सतावते. या दोषाबरोबर हृदयातून निघणारी मुख्य धमनी, अ‍ॅओर्टा, फुगत जाते आणि काही जणांत आतून फाटते. 'कळ आली आणि संपलं' यात तेही बसतं. काकांना मुलं आहेत का?

---

बागाईतदाराचा_पोर | ७ जुलै, सकाळी ७:५०

आहे ना, एक मुलगा. २६ वर्षांचा. बाबा आजारी पडल्यापासून सगळी बाग तोच बघतोय. वीस-वीस किलोचे क्रेट दोन-दोन उचलतो.

---

स्टेथो_आणि_चहा | ७ जुलै, दुपारी २:३०

तर मग पहिला इको त्याचा. नियमाने तो तुमच्या वडिलांचा पुतण्या, दुसऱ्या फळीतला. पण त्याचे स्वतःचे वडील चाळिशीत अचानक गेलेत, म्हणून त्याला पहिल्या फळीत धरा.

---

जुना_नाशिककर | ७ जुलै, दुपारी ३:१५

आमच्या आजोबांनी गंगेवर रोज थंड पाण्याने आंघोळ केली, नव्वदीपर्यंत जगले, कधी इको नाही की फिको नाही. आता एकाच्या ऑपरेशनवरून अख्ख्या खानदानाला मशीनखाली झोपवायचं म्हणजे धंदा आहे सरळ. ज्याला त्रास होईल तो जाईल डॉक्टरकडे. उगाच तरण्या पोरांच्या डोक्यात भुंगा सोडायचा.

---

सिन्नरची_सून | ७ जुलै, दुपारी ३:४०

@जुना_नाशिककर, नव्वदीपर्यंत जगलेल्यांचीच गोष्ट सांगायला घरात माणसं उरतात हो काका. चाळिशीत गेलेल्यांना 'नजर लागली' म्हणून सोडून देतात.

---

पेशीवेडी | ७ जुलै, रात्री ९:१०

मी बायोटेक्नॉलॉजीची विद्यार्थिनी. 'रक्तात कळतं का' याला उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

२००५ मध्ये दोन पाकळ्यांची झडप असलेल्या काही कुटुंबांत 'नॉच-१' या जनुकात बिघाड सापडला. गर्भात झडप घडताना कुठल्या पेशीने काय व्हायचं हे ठरवण्यात या जनुकाचा हात असतो. गंमत म्हणजे झडपेतल्या पेशींनी हाडासारखं वागू नये, चुना साठवू नये, यावरही तेच लक्ष ठेवतं. म्हणजे एकाच बिघाडात पाकळ्या कमी आणि वरून चुनाही लवकर. पुढे 'गाटा-५', 'स्मॅड-६' अशी आणखी जनुकं पुढे आली. पण ही सगळी मिळूनही थोड्याच रुग्णांचा उलगडा करतात. बाकीच्यांत बरीच जनुकं थोडा थोडा हात लावत असावीत. म्हणून जनुक-तपासणी नॉर्मल आली तर झडप नॉर्मल असं नाही. आणि बिघाड सापडला तरी घरातल्या प्रत्येकात तो सारखा दिसत नाही. एकाला दोन पाकळ्या, दुसऱ्याची फक्त धमनी फुगलेली, तिसऱ्याला काहीच नाही.

त्यामुळे मामेबहिणीशी लग्न केलं म्हणून हे झालं, अशी एक समजूत असते ती इथे फारशी लागू पडत नाही. जिथे दोन्ही बाजूंनी बिघडलेली प्रत यावी लागते तिथे नात्यातलं लग्न नडतं. इथे बरेचदा एकाच बाजूची प्रत पुरते.

अवांतर: लिओनार्दो द व्हिंचीने पाचशे वर्षांपूर्वी दोन पाकळ्यांच्या झडपेचं चित्र काढून ठेवलंय. तेव्हा हे नवीन फॅड नाही, @जुना_नाशिककर.

---

स्टेथो_आणि_चहा | ७ जुलै, रात्री ९:५५

छान लिहिलंत. एकच भर. जनुक-तपासणीचा खरा उपयोग वेगळ्या घरांत होतो. उंच, लांब हातापायांची, लांब बोटांची माणसं, डोळ्याचं भिंग सरकलेलं, घरात कुणाची धमनी फाटलेली, तर मार्फान सिंड्रोमचा संशय घेतो. त्याचं जनुक 'एफबीएन-१', ते १९९१ मध्ये सापडलं. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. पण चारातल्या एकाला आई-वडिलांत काही नसताना, नव्याने झालेल्या बदलामुळे होतं. तिथे रक्ताची तपासणी करून घ्यावीच. तुमच्याकडे तसं काही नसेल तर आधी टूडी इको. सुई नाही, चिरा नाही, अर्ध्या तासाचं काम.

---

माई_गंगापूररोड | ८ जुलै, सकाळी ११:००

माझी गोष्ट थोडी वेगळी. माझ्या झडपेचा आजार जन्मजात नाही. नववीत असताना घसा धरला, मग सांधे सुजले, मग र्‍हुमॅटिक फीवर. माझी मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप आकसली. तिसाव्या वर्षी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडली. पेनिड्युअरचं (लांब टिकणाऱ्या पेनिसिलिनचं) इंजेक्शन दर २१ दिवसांनी, वर्षानुवर्षं. त्या दिवशी कमरेखालची एक बाजू दगड. नर्स म्हणायची, चालत राहा ताई, चोळू नका.

मला एक कोडं कायम पडलंय. आम्ही चौघी बहिणी एका खोलीत झोपायचो, चौघींचे घसे धरायचे. मलाच का?

---

स्टेथो_आणि_चहा | ८ जुलै, दुपारी १:४५

माई, यातही जनुकांचा हात आहे, पण वेगळ्या तऱ्हेने. तुमचा आजार उतरत नाही, त्याची 'ओढ' उतरते. घसा बिघडवणारा स्ट्रेप्टोकॉकस जंतू आणि आपल्या झडपेतली काही प्रथिनं एकमेकांसारखी दिसतात. काही जणांची प्रतिकारशक्ती जंतूला मारता मारता घरच्यालाच मारते. कोणाची अशी फसेल, हे एचएलए नावाच्या जनुकांवर बरंच अवलंबून असतं. उपचार न केलेल्या अशा घसादुखीत शंभरात फार तर दोन-तीन जणांनाच र्‍हुमॅटिक फीवर होतो. तुमच्या बहिणींची जनुकं वेगळी पडली, एवढंच.

आपल्या देशात झडपेच्या आजाराचं हे अजूनही मोठं कारण आहे, आणि त्याला दहा दिवसांचं पेनिसिलिन अडवू शकतं.

---

देवळाली_कॅम्प | ८ जुलै, संध्याकाळी ६:३०

धागाकर्त्यासाठी. माझी मेकॅनिकल झडप १९९८ ची, चित्रा. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने घडवलेली, पहिली डिसेंबर १९९० मध्ये बसवली होती. माझी आजही वाजतेय. सहा महिन्यांनी आवाज ऐकू येईनासा होतो. बायकोला येतो, मला नाही.

महत्त्वाचं पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी. रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर आणि रोज एकाच वेळी. मी रात्री नऊच्या बातम्यांना घेतो. मेथी, पालक, कोबी बंद करायला सांगतील, तसं करू नका. त्यात व्हिटॅमिन के असतं, ते गोळीच्या उलटं काम करतं, हे खरं. पण खायचं ते दर आठवड्याला साधारण सारखं खा. महिनाभर मेथी नाही आणि मग एका लग्नात तीन वाट्या, असं केलं की आयएनआर कोलमडतो. अंगदुखीची गोळी, काढा, कुणी दिलेलं चूर्ण, काहीही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

आणि द्राक्षवाले आहात म्हणून सांगतो. छाटणीची कात्री. बाबांच्या हातात हातमोजे घाला. लहानसा कापही बराच वेळ वाहतो.

---

पेशीवेडी | ८ जुलै, रात्री ८:१५

या गोळीतही जनुकं आहेत! एकाला २ मिलिग्रॅम पुरते, दुसऱ्याला ८ लागते, यामागे 'सीवायपी-२सी९' आणि 'व्हीकेओआरसी-१' ही दोन जनुकं बऱ्याच अंशी आहेत. शेजाऱ्याच्या डोसशी तुलना करू नये ती त्यामुळे.

---

कॉलेजरोड_कट्टा | ९ जुलै, सकाळी १०:०५

दोन प्रश्न. सासूबाई ७९, झडप कडक झालीय, सौम्य ते मध्यम. (१) कोलेस्टेरॉलच्या गोळीने चुना विरघळेल का? (२) चिरफाड न करता झडप बसवतात म्हणे, ते काय?

---

स्टेथो_आणि_चहा | ९ जुलै, दुपारी २:१०

(१) नाही. वाटलं होतं तसं, मोठ्या चाचण्याही झाल्या, स्टॅटिनने (म्हणजे त्याच कोलेस्टेरॉलच्या गोळीने) झडपेचं कडक होणं थांबलं नाही. हृदयाच्या धमन्यांसाठी गोळी लागत असेल तर ती चालूच ठेवा. इथेही एक आनुवंशिक धागा आहे, लायपोप्रोटीन-ए, रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. याची रक्तातली पातळी जवळपास जन्मतःच ठरलेली असते, पथ्याने फारशी हलत नाही. ज्यांची जास्त, त्यांची झडप लवकर चुना धरते. आयुष्यात एकदा तपासून ठेवावी. ती खाली आणणारी पेलाकार्सेनसारखी औषधं चाचण्यांमध्ये आहेत, पण झडप वाचवण्यासाठी आज लिहून देता येईल असं औषध नाही. झडपेवर जीन थेरपीही नाही. कुणी विकत असेल तर पळा.

(२) टावी. मांडीच्या धमनीतून घडी घातलेली झडप वर नेतात आणि जुनीच्या आत उघडतात. २००२ मध्ये फ्रान्सच्या रुआँ शहरात अ‍ॅलन क्रिबिए यांनी माणसात पहिल्यांदा केलं. आता आपल्याकडेही होतं. 'मायव्हॅल' ही झडप तर पेठच्या रस्त्याने सरळ गेलं की लागणाऱ्या वापीत बनते. वयस्कर माणसांना हा चांगला पर्याय. दोन पाकळ्यांत तो जरा अवघड पडतो, कारण दार गोल नसून लांबुळकं असतं आणि चुना वेडावाकडा. शिवाय अ‍ॅओर्टा फुगलेली असेल तर ती टावीने दुरुस्त होत नाही.

सासूबाईंची झडप मध्यम आहे तोवर फक्त नजर ठेवायची. धाप, छातीत दुखणं, चक्कर, यातलं काही सुरू झालं की थांबू नका. तीव्र अवस्थेत लक्षणं आल्यावर उपचार न केलेल्यांच्या हातात बहुधा दोन-तीन वर्षंच असतात.

---

सिन्नरची_सून | ९ जुलै, दुपारी ४:००

खर्चाचं कुणी बोललं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झडपेचं ऑपरेशन बसतं, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. हॉस्पिटल योजनेत आहे का ते आधी विचारा, तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आजच दुरुस्त करा. माझ्या दिराच्या वेळी एका काना-मात्रेवर चार दिवस गेले.

आणि बहिणीबद्दल. लपवू नका. मी सून म्हणूनच सांगतेय. लग्नानंतर कळलं तर 'दोष होता म्हणून लपवला' हे आयुष्यभर ऐकावं लागतं, मग दोष असो वा नसो.

---

नाव_नको | ९ जुलै, रात्री ११:३०

सगळे शहाणपण शिकवताय. आमच्याकडे खरं सांगितलं आणि सोयरीक मोडली. मुलीला आजार काहीच नव्हता, तिच्या आईला होता. आता तिसरं वर्ष चालू आहे. आईचंही ऐका जरा.

---

स्टेथो_आणि_चहा | १० जुलै, सकाळी ७:२०

@नाव_नको, वाईट वाटलं. यावर माझ्याकडे औषध नाही.

वैद्यकीय बाजू तेवढी सांगतो. इको कुणाला दाखवायचा हा घरचा प्रश्न, पण तो मुलीला स्वतःसाठी हवा. गरोदरपणात हृदयावरचं काम जवळजवळ दीडपट होतं. दोन पाकळ्या असूनही झडप नीट चालत असेल तर बहुतेकींचं बाळंतपण व्यवस्थित होतं. पण झडप फार आकसलेली किंवा अ‍ॅओर्टा फुगलेली असेल तर ते आधी कळायला हवं, सातव्या महिन्यात नव्हे.

---

बागाईतदाराचा_पोर | ११ सप्टेंबर, रात्री ९:४०

दोन महिन्यांनी येतोय, माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. देवळालीच्या काकांचा हातमोज्यांचा सल्ला बाबांनी हसण्यावारी नेला, पण मी जोडी आणून ठेवलीय.

बहिणीने कुणाला न विचारता मुलाला सांगून टाकलं. गंगापूर रोडला कुठेतरी कॉफी प्यायला गेले होते, तिथेच. घरी आल्यावर आईने दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. मुलाकडून आठवडाभर फोन नाही. मग आम्ही दोघांनी इको केला. दोघांच्याही पाकळ्या तीन, अ‍ॅओर्टाही नॉर्मल. आत्याचाही केला, आधी नाही नाही म्हणत होती, नॉर्मल आल्यावर गल्लीत सांगत सुटली. आमचे रिपोर्ट कळल्यावर मुलाकडच्यांचा फोन आला, तारीख काढू म्हणाले. वेगळा रिपोर्ट आला असता तर फोन आला असता का, हे कळायला मार्ग नाही. बहीण म्हणते, थांबा जरा, मला विचार करू दे. आई आता बहिणीच्या बाजूने आहे, हे मला सगळ्यात नवल.

आता चुलतभाऊ. तो तयारच नव्हता. "दादा, मला काय झालंय? मी दिवसभर ट्रॅक्टर चालवतो." शेवटी बाबांनी त्याला जवळ बोलावलं, त्याचा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला, टाक्यांच्या शेजारी. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो माझ्या गाडीवर मागे बसून नाशिकला आला.

इको करणारी मुलगी बराच वेळ एकाच जागी प्रोब धरून होती. स्क्रीनवर मला नुसतं राखाडी हलताना दिसत होतं. मग तिने चित्र थांबवलं आणि डॉक्टरांना आत बोलावलं. माशाच्या तोंडासारखं एक दार, उघडतंय, मिटतंय. दोन पाकळ्या. गळती किरकोळ. अ‍ॅओर्टा ४.२ सेंटिमीटर.

---

स्टेथो_आणि_चहा | १२ सप्टेंबर, सकाळी ७:१५

वेळेत सापडलं. ४.२ म्हणजे फुगलेली, पण आज ऑपरेशनची नाही. साधारण ५.५ ला करतात, घरात कुणाची धमनी फाटली असेल किंवा ती वेगाने वाढत असेल तर ५ लाच. एकदा सीटी किंवा एमआरआय करून नेमकं माप घेतील. रक्तदाब काबूत हवा, तंबाखू असेल तर आजच बंद. श्वास रोखून जड उचलायचं नाही, म्हणजे क्रेट दुसऱ्याने उचलायचे. आणि केस पेपरवर ठळक लिहून ठेवा, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची अँटिबायोटिक्स दुसरा पर्याय असताना त्याला नकोत. फुगलेल्या धमनीला ती धोक्याची ठरू शकतात, अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये तसा इशारा दिलाय. आपल्याकडे जुलाबालाही ती सर्रास देतात.

तुम्ही दोघं भावंडं सुटलात. मोठ्या वयात तीन पाकळ्या स्पष्ट दिसल्या की त्याच्या दोन होत नाहीत.

---

जुना_नाशिककर | १२ सप्टेंबर, सकाळी १०:३०

पोराला जपा. माझ्या नातवाच्या शाळेत तपासणीत छातीत आवाज आहे म्हणून चिठ्ठी दिली होती, सहा महिने कपाटात पडलीय. डॉक्टर, लहान मुलांचा इको नाशकात कुठे चांगला होतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

बागाईतदाराचा_पोर | १२ सप्टेंबर, रात्री ८:५५

धन्यवाद डॉक्टरसाहेब. सगळं लिहून त्याच्या पाकिटात ठेवलं, औषधांची नावं लाल पेनाने. सीटी सोमवारी आहे. गोडी छाटणी (द्राक्षाची फळासाठीची छाटणी) पंधरा दिवसांवर आली, यंदा दोन मजूर जास्त लावलेत. तो बांधावर उभा राहून नुसता सांगणार आणि बाबा खुर्चीवर बसून त्याच्यावर ओरडणार, असं ठरलंय. काकांचा एक जुना एक्स-रे काकूच्या पेटीत सापडला, २००८ चा. तोही सोमवारी नेतोय.